बाबा आले वावरात

मंगळवार, दिवेलागणीची वेळ

डोकं अजून तापलेलंच आहे. सकाळी आम्ही पाच जणी कापूस वेचून राह्यलो होतो, तं ओल्या मातीत वाघाचा पंजा उमटलेला दिसला. वावरात त्याचं नाव घेत नाही आम्ही, बाबा म्हणतो. घरात बसून लिहिते म्हणून लिहिलं. साऱ्या जणी धुऱ्यावर, बांधावर त्याच्या नावानं पुजतो त्या शेंदराच्या दगडाजवळ येऊन बसलो. एकेकीनं दगडाले हात लावला.

तिथूनच वनरक्षकाले फोन लावला. म्हणलं, "बाबा आले वावरात, लवकर या."

"मंग पाया पडा ना. मले कायले बोलावता?" म्हणे, अन् हसत फोन ठेवला.

कोणी महाराज आले वाटलं त्याले. पाच बाया जीव मुठीत धरून बसल्या, अन् याले हसू. त्या दगडाले टेकून मी ते नाव घ्यायचं होतं काय? काहून?

शेवटी नवऱ्याले फोन लावला, त्यानं घरून वनरक्षकाले फोन करून नाव घेतलं, तवा दुपारी तो वनरक्षक आला. पंजा पाहून तोंडच उतरलं त्याचं. टोपी काढली, दगडाले हात लावला, अन् हळूच मले विचारते, "बाई, बाबा कोणत्या बाजूनं गेले?"