जोडहोडीचे डावे अंग जळगावात, उजवे धुळ्यात

प्रति,
मा. प्रभारी अधिकारी,
नौका व तत्सम वाहने परवाना कक्ष (तात्पुरता),
जुने बियाणे गोदाम, पहिला मजला, जळगाव.

अर्जदार : कौतिक रुपचंद बाविस्कर, वय ६१, व्यवसाय फायबरकाम, रा. पाचोरा, जि. जळगाव.

विषय : अर्जदाराच्या एका जोडहोडीच्या आपल्या कक्षाने केलेल्या दोन होड्या पुन्हा एक करून मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कक्षाचे विलगीकरणाचे पत्र, दि. ८ सप्टेंबर.
२) तपासणी अहवाल, मेहरूण तलाव, दि. ११ नोव्हेंबर.
३) तपासणी अहवाल, नकाणे तलाव, दि. २५ नोव्हेंबर.
४) अर्जदाराचे यापूर्वीचे अकरा अर्ज, ज्यांची पोच आहे, उत्तर नाही.

महोदय,

१. अर्जदार वयाच्या बाविसाव्या वर्षी गोव्याच्या एका बोटकारखान्यात फायबरच्या कामाला लागला. तेथे अकरा वर्षे त्याने दुसऱ्यांच्या शर्यतीच्या नावा बांधल्या आणि माणूस कमी पडला की त्याच नावांवर शीड ओढायलाही गेला. पुढे जळगावच्या औद्योगिक वसाहतीत पाण्याच्या टाक्या करण्यात त्याचे आयुष्य गेले. टाकीत पाणी आत असते आणि नावेत ते बाहेर ठेवायचे असते, एवढा फरक सोडल्यास काम तेच. तथापि, समुद्र काही त्याच्या डोक्यातून गेला नाही. पाचोऱ्याच्या शिवारातील शेडमध्ये त्याने नऊ वर्षे खपून अठ्ठावीस फुटी जोडहोडी बांधली. तिची शिडे अर्जदाराची पत्नी सौ. भिकुबाई यांनी शिवली. सुकाणूही त्याच धरतात, कारण वाऱ्याचा अंदाज अर्जदारापेक्षा त्यांना अधिक आहे आणि हे अर्जदार खाली सही करून मान्य करीत आहे.

२. जोडहोडी म्हणजे काय, हे आपणास यापूर्वी अकरा वेळा कळविले आहे. आता बाराव्यांदा कळवितो. दोन लांबट, अरुंद अंगे चौदा फुटांच्या अंतराने आडव्या तुळयांनी एकमेकांस जोडलेली असतात. मध्ये बसण्यासाठी जाळी ताणलेली असते आणि तुळईवर डोलकाठी उभी असते. दोन्ही अंगे मिळून एक नाव होते. ती फारशी कलत नाही, म्हणूनच ती निवडली. सौ. भिकुबाई यांचे गुडघे दुखतात, कलत्या नावेत त्यांना तोल सांभाळता येत नाही. फेब्रुवारीत त्यांच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया ठरली आहे. त्यानंतर डॉक्टर त्यांना नावेवर चढू देणार नाहीत. आतापर्यंत त्यांनी तापीवरील धरणाच्या फुगवट्यावर, एका छोट्या जोडहोडीत, सुकाणूचा सराव केलेला आहे. खारे पाणी त्यांनी अद्याप पाहिलेले नाही.

३. येत्या १८ जानेवारी रोजी रत्नागिरीहून गोव्यापर्यंत जोडहोड्यांची शर्यत आहे. दोघांच्या टोळीची ही शर्यत असून बाविस्कर नवरा-बायकोचे नाव सत्ताविसाव्या क्रमांकावर लागलेले आहे. आयोजकांनी नोंदणीचा दाखला १० जानेवारीपर्यंत मागितला आहे. दाखला देणारा कक्ष गेल्या वर्षी डिसेंबरात जळगावात उघडला, हे वाचून अर्जदारास आनंद झाला होता. तो आनंद अर्जदार या अर्जाद्वारे मागे घेत आहे.

४. शेडपासून डांबरी रस्त्यापर्यंत नाव आणायची कशी, हा प्रश्न होता. ट्रॅक्टर त्या चिखलाच्या गाडीवाटेत रुततो. तेव्हा गावाने बारागाड्यांचा साज काढला. यात्रेत बारा बैलगाड्या एकीला एक जोडून भगत त्या ओढतो, हे आपणास ठाऊकच आहे. त्याच रीतीने सहा गाड्या जोडल्या, त्यांवर नाव ठेवली आणि चाळीस माणसांनी ती ओढून रस्त्याला आणली. प्रमुख पाहुणे म्हणून आपणच उपस्थित होतात. आपण नारळ फोडलात, पुढच्या गाडीवर बसलात आणि भाषणात म्हणालात की, “जोडलं म्हणून चाललं, सुटं असतं तर जागेवरून हललं नसतं.” लोकांनी टाळ्या वाजविल्या. अर्जदारानेही वाजविल्या. त्याचे चलचित्र सोबत जोडले आहे. यात्रेत एखादी गाडी सोडवून ती एकटी चालते का, हे पाहणारा अधिकारी आजवर खान्देशात जन्मला नव्हता.

५. त्यानंतर बाराच दिवसांनी आपले निरीक्षक श्री. प्रेमराज हे पंचनाम्यास आले. नावेभोवती तीन फेऱ्या मारून त्यांनी लिहिले : “दोन नावा. पाइपाने एकमेकींस बांधलेल्या. धोकादायक.” बसायच्या जाळीबद्दल लिहिले : “मासेमारीचे जाळे, परवाना नाही.” त्या जाळीतून मासा तर सोडाच, आपल्या निरीक्षकांची चप्पलही खाली गेली नाही, हे तेथे उभ्या सर्वांनी पाहिले. अर्जदाराने नकाशे दाखविले, गोव्याची छायाचित्रे दाखविली, हात जोडले. निरीक्षकांनी नियमपुस्तिका उघडून दाखविली. तीत नावेच्या चित्रात एकच अंग होते. चित्रात एक आणि समोर दोन, म्हणजे नावा दोन, असा हिशेब झाला. सौ. भिकुबाई तेथे शिडाची शिवण तपासत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “भाऊ, तुम्हना पायजामाले दोन पाय शेतस. मंग तुम्हीन दोन पायजामा घालेल शेतस का?” हे वाक्य पंचनाम्यात नोंदलेले नाही. ते या अर्जाद्वारे नोंदविण्यात यावे.

६. दि. ८ सप्टेंबरच्या पत्राने नावा ‘विलग’ करण्याचा आदेश आला आणि आपल्याच माणसांनी पाना घेऊन तुळया सोडविल्या. नऊ वर्षांचे काम पावणेदोन तासांत मोकळे झाले. अर्जदाराने मदत केली नाही, कारण त्याच्याने ते पाहवले नाही.

७. पुढे अडचण अशी निघाली की, आपल्या नियमानुसार एका व्यक्तीच्या नावे एकच होडी लागते. म्हणून डावे अंग अर्जदाराच्या नावे आणि उजवे सौ. भिकुबाई यांच्या नावे लावण्यात आले. येथवरही अर्जदाराने दातओठ खाऊन सोसले असते. परंतु सौ. भिकुबाई यांच्या आधार कार्डावर शिंदखेड्याचा, म्हणजे माहेरचा पत्ता आहे. गावात आधारचे शिबिर लागले तेव्हा त्या अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी गेल्या होत्या. लेकीने अखाजीला माहेरी जाऊ नये, असा शासन निर्णय असल्यास प्रत मिळावी. त्यांनी तेथल्याच शिबिरात अंगठा दिला आणि नंतर पत्ता बदलण्याचे राहून गेले. ही चूक अर्जदाराच्या कुटुंबाची आहे, ती कबूल. पण या चुकीची शिक्षा म्हणून उजवे अंग धुळे जिल्ह्याच्या हद्दीतील ठरवून ट्रकमध्ये घालून धुळ्यास रवाना करण्यात आले! आज एकाच नावेची दोन अंगे शंभरेक किलोमीटर अंतरावर, दोन जिल्ह्यांत, दोन कुलपांत पडून आहेत. जगात याहून रुंद जोडहोडी कोणाकडे नसावी.

८. डोलकाठी आणि शिडे तुळईवरची, म्हणजे ना डाव्या अंगाची ना उजव्या. ती ‘बेवारस वस्तू’ या सदरात आपल्या गोदामात जमा झाली. दि. ५ डिसेंबर रोजी आपल्या कक्षाचा पहिला वर्धापनदिन झाला. त्यासाठी घातलेला पांढराशुभ्र मंडप म्हणजे अर्जदाराचे मोठे शीड होते. सौ. भिकुबाई यांनी त्याची प्रत्येक शिवण तीनदा मारलेली आहे, आणि आपल्या मंडपवाल्याने त्याला खिळ्याने भोके पाडलेली आहेत. कार्यक्रमात ‘जलपर्यटनाला चालना’ या विषयावर आपले व्याख्यान झाले म्हणे. अर्जदारास निमंत्रण नव्हते. त्याच्या शिडास होते.

९. आता तपासण्यांविषयी. शांत पाण्यात, एका माणसासह, नाव दहा मिनिटे सरळ उभी राहिली पाहिजे, असा आपला नियम. जोडहोडीचे सुटे अंग दोन फुटांहूनही अरुंद असते. ते एकटे पाण्यात सोडले की आडवे होणार, हे सांगायला गोव्यात अकरा वर्षे काढावी लागत नाहीत. तरी मेहरूण तलावावर अर्जदारास डाव्या अंगावर बसविण्यात आले. ते चौथ्या सेकंदाला उलटले. काठावर चाट खाणाऱ्या मंडळींची चांगली करमणूक झाली. अर्जदार पोहून काठास आला. त्याला वाटले, आता तरी साहेबांच्या डोक्यात प्रकाश पडेल.

१०. त्यानंतर चौदा दिवसांनी नकाणे तलावावर उजव्या अंगाची तपासणी ठेवण्यात आली. धुळ्याच्या कार्यालयाकडे नमुना अर्ज नसल्याने श्री. प्रेमराज यांनाच तेथे पाठविण्यात आले. मालक म्हणून सौ. भिकुबाई यांनीच बसावे, असा आग्रह झाला. गुडघ्यांचे सांगितले, तर वैद्यकीय सूट या नमुन्यात नाही, असे उत्तर मिळाले. त्या बसल्या आणि पडल्या. अंगात तरंगते जाकीट होते, पण गुडघे पाण्यात वळेनात. शेवटी अर्जदाराने उडी मारून त्यांना धरले. लग्नाला अडतीस वर्षे झाली, अर्जदाराने त्यांना असे हात मारताना कधी पाहिले नव्हते. त्या वेळी त्याला आपला, आपल्या कक्षाचा आणि आपल्या नियमपुस्तिकेतील चित्राचा जो संताप आला, तो कार्यालयीन भाषेत बसत नाही, म्हणून येथे लिहिलेला नाही.

११. काठावर येऊन लुगडे पिळीत सौ. भिकुबाई निरीक्षकांना म्हणाल्या, “भाऊ, आते तुम्हीन एक पायवर उभं राहीसन दखाडा बरं. दहा मिनिट. मी घड्याळ धरस.” श्री. प्रेमराज यांनी घड्याळ काढून खिशात घातले आणि अहवालात ‘चालकाचे वर्तन उद्धट’ असा शेरा मारला.

१२. महोदय, आता मुख्य मुद्दा. दोन्ही अहवाल आपल्याच सहीने अर्जदारास मिळाले आहेत. ते आपण वाचून सही केलीत, असा आरोप अर्जदार करीत नाही. म्हणून त्यांतील शेवटचे शेरे जसेच्या तसे देतो.

जळगावचा शेरा : “सदर नाव एकटी असल्याने अस्थिर. स्थैर्यासाठी तिच्या उजव्या बाजूस सुमारे चौदा फुटांवर तेवढ्याच लांबीचे दुसरे तरंगते अंग मजबूत तुळयांनी जोडावे व फेरतपासणीस हजर करावे.”

धुळ्याचा शेरा : “वरीलप्रमाणेच. मात्र डाव्या बाजूस.”

जी गोष्ट तो पाच महिने, अकरा अर्जांत, हात जोडून सांगत होता, ती आपल्या कक्षाने दोन तलावांत दोन म्हाताऱ्यांना बुचकळून स्वतःच शोधून काढली. कक्षाचे अभिनंदन.

१३. सबब विनंती की :
(अ) जळगावच्या अहवालात मागितलेले उजवे अंग धुळ्यात तयार आहे आणि धुळ्याच्या अहवालात मागितलेले डावे अंग जळगावात तयार आहे. दोन्ही एके ठिकाणी आणून आपल्याच शेऱ्यांची पूर्तता करू द्यावी. तुळया अर्जदार स्वतः बसवील. आपल्या माणसांनी पान्याला हात लावू नये.
(आ) डोलकाठी व शिडे बेवारस नसून त्यांना दोन वारस हयात आहेत, अशी नोंद घेऊन ती परत मिळावीत. भोके सौ. भिकुबाई बुजवतील.
(इ) एका जोडहोडीचा एक दाखला १० जानेवारीपूर्वी मिळावा. भर वाऱ्यात जोडहोडीचे एक अंग कधीकधी पाण्याबाहेर उचलले जाते. त्यावरून पुन्हा विलगीकरण काढू नये.

१४. हे न जमल्यास अर्जदाराचे काही अडत नाही. तो पुन्हा शेडमध्ये जाईल आणि या खेपेस तीन अंगांची, म्हणजे ट्रायमरॅन जातीची नाव बांधावयास घेईल. तिसरे अंग कोणत्या जिल्ह्यात ठेवणार, ते मात्र आत्ताच कळवावे, म्हणजे नंदुरबारला एखादा नातेवाईक पाहून ठेवता येईल. त्या कामास आणखी नऊ वर्षे लागतील. अर्जदार तेव्हा सत्तर वर्षांचा असेल. आणि सुकाणूवर कोणी नसेल, कारण ज्या बाईने ते धरायचे, तिचे गुडघे फक्त या जानेवारीपर्यंतचे आहेत. अर्जदारास शर्यत जिंकायची नाही. सत्तावीसांतला सत्ताविसावा नंबर आला तरी चालेल. त्याला पुढे बसून शीड ओढायचे आहे आणि मागे वळून एकदा तिला समुद्रावर सुकाणू धरलेले पाहायचे आहे.

कळावे,

आपला नम्र,
कौतिक रुपचंद बाविस्कर
(डाव्या अंगाचा मालक)

आपली,
भिकुबाई कौतिक बाविस्कर
(उजव्या अंगाची मालक)

पाचोरा, दि. २९ डिसेंबर २०२५.

सोबत : १) पंचनाम्याची प्रत. २) दोन्ही तपासणी अहवाल, एकमेकांस टाचणीने जोडून. ते कृपया विलग करू नयेत. ३) बारागाड्यांच्या दिवशीच्या आपल्या भाषणाचे चलचित्र. ४) गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेच्या तारखेचे डॉक्टरांचे पत्र.

टीप : सहअर्जदाराच्या सहीवरील मजकुरात ‘नम्र’ हा शब्द नजरचुकीने गळलेला नाही. तो लिहिण्यास त्यांनी नकार दिला आहे.