दुःखाच्या घरी तीन दिवस

डिअरबॉर्न, अमेरिका

प्रिय यम्मा,

तुझ्या हातांना आणि कपाळाला ओठ टेकवते. गुडघे कसे आहेत? आम्ही सुखरूप आहोत. थंडी खूप आहे, पण तुझ्या जावयाने, नशवानने, मला जाड कोट घेऊन दिलाय.

शेजारचे लेलंड आजोबा दोन वर्षं आमच्याकडे बघतही नव्हते. तुला काळजी नको म्हणून लिहिलं नव्हतं. गेल्या सोमवारी त्यांची बायको वारली. नशवान म्हणाला, "जाऊ नकोस, तोंडावर दार लावतील." पण तिकडे आपल्या इब्ब शहरात दुःखाच्या घरी तू तीन दिवस चूल पेटू द्यायची नाहीस, स्वतः जेवण पोचवायचीस. मग मी मसुराचा गरम, पातळ शुरबा घेऊन गेले.

त्यांनी पातेलं घेतलं आणि खरंच दार लावलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी दार उघडं होतं आणि टेबलावर दोन वाट्या मांडलेल्या होत्या.

"एकट्याला घास उतरत नाही, बस," ते म्हणाले. "हे तुला कुणी शिकवलं?"

"आईनं."

त्यांनी वाटी संपवली. मग म्हणाले, "तिला कळव, म्हातारा तुम्हा लोकांबद्दल चुकला होता."

म्हणून कळवते आहे, यम्मा. दुवा मागताना त्यांचंही नाव घे.

तुझीच लेक,
बुथैना