पावणेनऊच्या माणसाचं घर

प्रिय शेंडेफळास,

या नावाने हाक मारली की तू नाक मुरडायचीस, म्हणून मुद्दाम तीच मारते. निदान रागावून तरी दोन ओळी खरडशील. त्या दुपारच्या फोनला येत्या सोमवारी दहा महिने होतील. तेव्हापासून तुझा आवाज कानावर नाही. आधी मी फोन केला की नुसती घंटी वाजत राहायची, आता एक बाई फार गोड आवाजात सांगते की हा क्रमांक वापरात नाही. मीही बरेच दिवस ते गोड मानून घेतलं. नंबर बदलला असेल, कामात असेल, हिला कधी कळवायची शुद्ध असते, असं पुटपुटत पुन्हा मशीनवर बसले. पण गेल्या महिन्यात माझ्या हातून एक गोष्ट घडली आहे. ती सांगायला मला तुझ्याशिवाय कुणी नाही, कारण तो खेळ आपल्या दोघींचाच होता.

आठवतो ना? घरात आई-बाबांचं सुरू झालं की आपण दोघी जिन्यातल्या खिडकीशी जाऊन बसायचो. तू पाच वर्षांची असशील, मी बारा. भांडी आपटल्याचा आवाज आला की मी तुझं तोंड रस्त्याकडे वळवायची आणि म्हणायची, तो टोपीवाला बघ, त्याच्या घरात काय चाललंय सांग. मग तू सांगायचीस की त्याच्या घरात सगळे मिळून पत्ते खेळतात आणि त्याची बायको मुद्दाम हरते. नियम एकच होता, समोरचीने ‘तुला कसं माहीत’ असं विचारायचं नाही. आणखी एक नियम आपण कधी बोललो नाही, पण पाळला. आपल्या गोष्टींमध्ये कुणाच्याही घरात आवाज चढत नसे. एकदाच तू तो मोडलास. हिरव्या पिशवीवाली एक बाई फाटकापाशी उगाच रेंगाळत होती. तू म्हणालीस, तिला घरी जायचं नाहीये, तिथे तिला भीती वाटते. मी तुझ्यावर खेकसले होते. असं सांगायचं नाही, खेळ बिघडतो, म्हणाले. तू लगेच तिला माहेरी पाठवून दिलंस आणि मी खूश झाले.

मी तो खेळ सोडलाच नाही बघ. पन्नाशी उलटली तरी नाही. दुकानात माझं मशीन खिडकीला लागून आहे हे तुला ठाऊक आहे. दिवसभर लोकांच्या पँटी आखूड करायच्या, कमरा सैल करायच्या, चेन बदलायच्या. मान वर केली की रस्ता. नवं कापड माझ्याकडे क्वचित येतं. माणसाच्या अंगावर वापरून झालेलंच येतं, आणि वापरलेलं कापड फार चुगलखोर असतं. एक गृहस्थ दरवर्षी त्याच पँटी सैल करायला आणतात आणि धोब्याला शिव्या घालतात. एका मास्तरीणबाईंच्या उजव्या बाहीला खडू, डाव्या कोपराला पीठ. हे सगळं वाचत वाचत मी स्वतःला मोठी शहाणी समजायला लागले होते. माणूस न बोलता मला कळतो, असं मी चारचौघांत सांगतसुद्धा असे.

पावणेनऊचा माणूस हा माझा सगळ्यात जुना गडी. सहा वर्षं रोज पावणेनऊला तो खिडकीवरून जायचा. साठीचा, उंच, जरा पुढे झुकलेला, हातात डब्याची पिशवी. कधी मान वर करून पाहिलं नाही की हसला नाही. त्याला मी पुलापलीकडे घर दिलं होतं. बायको जराशी तोंडाळ पण जीव लावणारी. एक मुलगी, लग्न होऊन दुसऱ्या गावी. डब्याच्या पिशवीची गाठ रोज सारखीच घट्ट असायची, म्हणून ती बायकोने मारलेली. रोज त्यात थोडी भर घालायची मला सवय लागली. गेल्या वर्षी त्याच्या मुलीला दिवस गेल्याचंसुद्धा मी ठरवून टाकलं. हसू नकोस.

मागच्या महिन्यात तो पहिल्यांदा दुकानात आला. कोटाचं अस्तर खिशापाशी फाटलं होतं. कोट ठेवला, सोमवारी नेतो म्हणाला आणि गेला. मी कोट उलटा केला आणि बटणं पाहून थक्क झाले. बटण आणि कापडाच्या मध्ये दोऱ्याचे मोजून चार वेढे, गाठ आतल्या बाजूला लपवलेली, आणि दोऱ्याला मेण चोळलेलं. पस्तीस वर्षांत असं बटण लावणारी बाई मी पाहिली नाही. मला अगदी हर्ष झाला. म्हटलं, बघ, त्याची बायको किती जिवाभावाची आहे, मी म्हणत होते ना. त्या बटणांनी माझ्या गोष्टीवर शिक्कामोर्तबच केलं.

कोट न्यायला तो आला नाही. सोमवारी पावणेनऊला रस्ता रिकामा होता. मंगळवारीही. मी मनाशी म्हटलं, मुलीचे दिवस भरले असणार, दोघं तिकडे गेले असतील. मंगळवारी दुपारी एक बाई आली. सार्वजनिक वाचनालयात काम करते म्हणाली. त्यांचे बाइंडर, म्हणजे फाटकी पुस्तकं शिवून बांधून देणारे, दोन दिवस आले नाहीत, फोन उचलत नाहीत, कुठे राहतात ते दप्तरात जुनंच लिहिलंय, ते या रस्त्याने येतात म्हणून ती दुकानोदुकानी विचारत होती. वर्णन ऐकताच मी ओळखलं. आणि ऐक, मी काय केलं. मी दोऱ्याला गाठ मारता मारता तिला सांगितलं की काळजी करू नका, ते सपत्नीक मुलीकडे गेलेत, तिचं बाळंतपण आहे, पुलापलीकडच्या घराला कुलूप असेल. मी खोटं बोलत नव्हते गं. ‘असावेत’, ‘वाटतं’ असा एकही शब्द माझ्या तोंडात आला नाही. ती इतकी सुटल्यासारखी झाली की खुर्चीवर बसून पाणी प्यायली. म्हणाली, ते स्वतःबद्दल काही बोलत नाहीत, त्यांचं कुणी आहे हे ऐकून बरं वाटलं. जाताना माझे आभार मानून गेली.

तो पुलापलीकडे राहत नव्हता. माझ्या दुकानामागे दोन गल्ल्या सोडून एका खोलीत राहत होता, तळमजल्यावर. बायको नाही, मुलगी नाही, कधीच नव्हती. डबा स्वतः करायचा, पिशवीला गाठ स्वतः मारायचा. बटणं त्यानेच लावली होती. पुस्तकं शिवणारा माणूस दोऱ्याला मेण चोळल्याशिवाय सुईत ओवतच नाही, हे मला नंतर कळलं. मेण चोळलेला दोरा माझ्या बोटांत आला, आणि मला त्यात त्याचा धंदा दिसला नाही, बायको दिसली. रविवारी तो न्हाणीत पाय घसरून पडला आणि मांडीचं हाड मोडलं. शुक्रवारी घरमालकाने दार फोडलं. तोवर तो सरपटत दारापर्यंत आला होता, कडी मात्र उंचावर होती. डॉक्टर म्हणाले, गुरुवारपर्यंत जीव असावा. म्हणजे ती बाई माझ्याकडे पाणी पीत होती तेव्हा तो जिवंत होता, आणि तहानलेला होता. ती आणखी तीन दुकानं पुढे गेली असती तर कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने तिला खोली दाखवली असती. तो त्याच्याकडूनच सामान न्यायचा. पण तिला पुढे जायची गरज उरली नव्हती, मी तिला घरी पाठवलं होतं.

वाचनालयातली बाई पुन्हा आली. मला वाटलं होतं ओरडेल, चार लोकांत माझी शोभा करेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. ती उभीच राहिली आणि हळू म्हणाली, “तुम्ही इतकं ठाम सांगितलंत, मला वाटलं तुमचं त्यांच्याकडे येणंजाणं आहे.” सहा वर्षांचं येणंजाणं होतं माझं, फक्त ज्याच्याकडे होतं तो माणूस कुठे नव्हता. कोट मी तिच्याकडे दिला. तोच अंगावर घालून त्याला स्मशानात नेलं म्हणतात. त्यानंतर चार दिवस मी मशीन खिडकीपासून ओढून भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतं. भिंतीकडे बघूनही सुटका नाही, कारण मग तू दिसायला लागलीस.

लोक तुझी चौकशी करतात. समोरची काकू, आपल्या मामी, परवा तर तुझी शाळेतली मैत्रीण कापड घेऊन आली होती. मी सगळ्यांना सांगते की तुझं उत्तम चाललंय. तुझ्या घराला मोठी गॅलरी आहे, तू कुंड्या लावल्यास, तुझे अहो संध्याकाळी तुला फिरायला नेतात. परवा त्या मैत्रिणीला हे सांगताना माझी जीभ मध्येच अडली. मी तुझ्या घरी एकदाच आले, चार वर्षांपूर्वी, दोन तासांसाठी. गॅलरी होती का गं? मला आठवतच नाही. कुंड्या तर मीच लावल्यात. तुझ्या पत्रांत ‘सगळं छान’ यापलीकडे काही नसायचं, बाकीचं सगळं माझ्या हातचं आहे. आणि जे खरोखर माझ्या हातात आलं होतं त्याचं मी काय केलं? दोन वर्षांपूर्वी भर उन्हाळ्यात तू लिहिलंस, चार ड्रेस शिवून पाठव, बाह्या मनगटापर्यंत हव्यात, गळाही बंद. सोबत नवं माप पाठवलंस, कंबरेत तीन इंच कमी. शिवणाऱ्या बाईला आणखी काय सांगायला हवं होतं? मी कापताना हसले. म्हटलं, नवी फॅशन दिसतेय, आणि बया बारीक होतेय नवऱ्यासाठी. चार ड्रेस बेतून, इस्त्री करून पाठवले. वर चिठ्ठी टाकली, मजा आहे बुवा एका मुलीची.

आणि तो फोन. तो मी आजवर स्वतःलाही नीट सांगितलेला नाही. दुपारी तीनला तू म्हणालीस, ताई, मी थोडे दिवस तुझ्याकडे राहायला येऊ का? एवढंच म्हणालीस आणि गप्प झालीस. तू वाट बघत होतीस, हे आता कळतं. मी एक शब्दही विचारला नाही. मला लगेच सगळं दिसलं ना, दोघांचं काहीतरी फुसकं भांडण, तू रुसलेली, ते समजूत काढायला जवळच घुटमळणारे. मी हसून म्हणाले, भांडलात वाटतं, अगं होतं असं, संध्याकाळपर्यंत विसरशील. तू ‘बरं’ म्हणालीस. पाच वर्षांची असताना त्या पिशवीवालीला माहेरी पाठवलंस तशीच, मला खूश करायला. आणि मी फोन ठेवून एका परक्या माणसाच्या मुलीला दिवस गेल्याचं ठरवत बसले.

लिहायला घेतलं तेव्हा हे पत्र पोस्टात टाकणार होते. आता टाकणार नाही. उद्या सकाळच्या गाडीने मीच निघते आहे. दार तुझे अहो उघडतील. त्यांचं बोलणं किती लाघवी आहे ते मला माहीत आहे. ते म्हणतील, या ना ताई, ती जरा बाहेर गेली आहे, मजेत आहे, नंबर बदललाय एवढंच. तेवढं एक वाक्य मला पुरे होईल. पुढचं घर मी आपणहून रचीन, त्याला गॅलरी काढीन आणि परतीच्या गाडीत समाधानाने बसेन. मला स्वतःचा काडीचा भरवसा उरलेला नाही, म्हणून हे लिहून घेतलं. तुमच्या जिन्यात बसून आधी हे सगळं वाचणार आहे आणि मग बेल वाजवणार आहे. तुझा आज मंगळवार आहे की शुक्रवार उजाडून गेला, मला ठाऊक नाही. काही रचायचंही नाही. तू डोळ्यांसमोर येईपर्यंत मी त्या दारातून हलणार नाही, आणि आलीस तर तुला विचारणार आहे, आणि या वेळी ऐकणार आहे. हे पत्र तुझ्या हातात पडलं, तर समज, मी परत फिरले नाही.

तुझीच,
ताई