पुढच्या दोन दातांचा भाव

तीर्थस्वरूप दाजींना आणि अक्काला,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (हसून नमस्कार करायची माझी जुनी सवय तुम्हाला ठाऊक आहे. सध्या ती बंद आहे, कारण पुढे येईलच.) दाजी, तुमच्या गुडघ्याला उतार आहे का? अक्का तुम्हाला जिना चढू देत नाही, हे बरंच करते. इकडे ही खुशाल आहे आणि देवाच्या दयेने घरात सगळं जागच्या जागी आहे. जागच्या जागी नाहीत ते फक्त माझे वरचे पुढचे दोन दात. फोन करता आला असता, पण मी फोनवर बोलायला लागलो की ही भाजी निवडायची थांबते. म्हणून तालमीच्या खोलीत, ड्रमवर कागद ठेवून हे लिहितो आहे. अक्षर थरथरलं असेल तर तो ड्रमचा दोष समजावा.

झालं ते असं. गेल्या महिन्यात एका कापडदुकानाच्या उद्घाटनाला आमचा बँड होता. पुढे मास्तर, त्यांच्या मागे आम्ही क्लॅरिनेटवाले (म्हणजे मी एकटाच, पण बँडात 'आम्ही' म्हणायची रीत आहे), आणि माझ्या बरोबर पाठीशी हिचा धाकटा भाऊ ट्रॉम्बोन घेऊन. ट्रॉम्बोनला पुढेमागे सरकणारी एक लांब नळी असते. वाजवणारा डोळे मिटून वाजवत असला तर ती कुठवर जाते हे एका देवालाच माहीत. मास्तरांनी हात वर केला, मी थांबलो. मेव्हणा सुरात होता, तो थांबला नाही. नळी माझ्या टाळक्यात, टाळकं पुढे आणि क्लॅरिनेट घशाकडे. त्या वेळी जो सूर निघाला तितका वरचा मी आयुष्यात लावला नव्हता, असं मास्तर सांगतात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मेव्हण्याने दोन्ही दात शोधून, रुमालात बांधून, दुसऱ्या दिवशी घरी आणून दिले. बिचाऱ्याला वाटलं, लावता येतील.

आता तुम्ही म्हणाल, दोन दातांचं काय एवढं, भाकरी मोडून खा. पण दाजी, क्लॅरिनेट वरच्या दातांवर टेकवून वाजवायचं असतं. दात नसले तर ते तोंडात चमच्यासारखं फिरतं आणि सुराच्या जागी नुसती वाफ निघते. मास्तरांनी स्पष्ट सांगितलं आहे की या महिनाअखेरीला दातांचं काम सुरू झालं तर लग्नसराईपर्यंत माझी जागा राखतील, नाहीतर क्लॅरिनेट दुसऱ्याला आणि माझ्या हाती झांजा. अठ्ठावीस वर्षं वाजवल्यावर झांजा! झांजवाल्याला मी कमी लेखत नाही, तोही देवाचाच माणूस आहे, पण तोसुद्धा परवा मला म्हणाला, "दादा, तुम्ही नका येऊ हिकडं. हितं करमत नाही."

आधी स्वस्तातली काढघालीची कवळी करून पाहिली. एका साहेबांच्या निवृत्तीच्या समारंभात ती वरच्या सुराला सुटली आणि क्लॅरिनेटबरोबर बाहेर आली. सत्कारमूर्तींनी ती पाहिली आणि घाईघाईने स्वतःची चाचपली. शेवटी हिने मला दातांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई वयाने आपल्या पुतणीएवढ्या, गोड बोलणाऱ्या. म्हणाल्या, इम्प्लांट करू. म्हणजे जबड्याच्या हाडाला भोक पाडायचं, त्यात स्क्रू पिळायचा, हाडाने तो धरला की काही महिन्यांनी त्यावर खुंटी, आणि खुंटीवर दाताची टोपी. घरात तसबीर टांगायची असावी इतक्या सहज सांगत होत्या. भिंतीला कोणी विचारत नाही, तसं मलाही विचारलं नाही. मी एवढंच म्हणालो, की दुखेल का? त्या हसून म्हणाल्या, "काका, बिल बघेपर्यंत काही दुखणार नाही."

बिल बाहेरच्या बाई सांगतात. स्क्रूचा भाव वेगळा, खुंटीचा वेगळा, टोपीचा वेगळा, आणि हाड कमी भरलं तर हाडाची भर घालायचे आणखी. (तोंड उघडायचे वेगळे का, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण हिरडी तपासायला म्हणून ओठ बधिर केलेले होते.) दोन दातांच्या पैशांत दोन नवी क्लॅरिनेटं येतात, पेट्यांसकट. मी घरी येताना विचार करत होतो, की देव माणसाला दोनदा दात देतो, दोन्ही वेळा फुकट, आणि आपण एकदाही आभार मानत नाही. तिसऱ्यांदा मागायला गेलं की तो बाहेरच्या बाईंकडे पाठवतो.

पैसे उभे करायचे मार्ग पुष्कळ आहेत, दाजी, आणि प्रत्येक मार्गावर मी जाऊन आलो. विम्याच्या माणसाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. अपघात असेल तर दात बसतात म्हणाला, पण अपघात कशाने? मी म्हटलं, ट्रॉम्बोनने. त्याने बराच वेळ कागद चाळले. ट्रॉम्बोन वाहनांत बसेना आणि हत्यारांतही बसेना. शिवाय एक रात्र इस्पितळात काढलेली हवी. मी ती रात्र घरी, हिच्या भावाला दोष द्यायचा नाही या अटीवर, काढली होती.

मग दवाखान्यातच हप्त्यांची सोय आहे असं कळलं. बिनव्याजी, म्हणजे व्याजाला तिथे दुसरं नाव आहे. पण मला एक भीती वाटते ती कोणाला सांगता येत नाही. हप्ता थकला तर ही माणसं काय करतात? घराचा थकला तर टाळं लावतात, गाडीचा थकला तर ओढून नेतात. दात मात्र माझ्या तोंडातच असणार. बाहेरच्या बाईंना विचारलं तर त्या नुसत्या माझ्या दातांकडे, म्हणजे जागेकडे, बघत राहिल्या.

बँडाचा मदतनिधी आहे, तो वाद्यांच्या दुरुस्तीसाठी. माझे दात वाद्यात धरावेत की वादकात, यावर एक अख्खी तालीम वाया गेली. शेवटी मास्तर म्हणाले, "क्लॅरिनेटचं तोंड मोडलं तर निधी देतो, तुझं मोडलं तर सहानुभूती देतो." एका कोपऱ्यात बसून मेव्हण्याने स्वतःचा ट्रॉम्बोन विकायचं काढलं. मी नको म्हटलं. खरं तर त्याचा ट्रॉम्बोन विकला जावा असं त्या दिवशी रस्त्यावरच्या कोणालाही वाटलं असतं, पण पोराच्या डोळ्यांत पाणी होतं. आणि हिने तर हातातल्या बांगड्या काढून टेबलावर ठेवल्या. त्यांचा आवाज ऐकून मला घाम फुटला. मी त्या परत तिच्या हातात चढवल्या, तेव्हा ती म्हणाली, "मग तुम्हीच सांगा, काय विकू? तुमचं तोंड बंद ठेवून पैसे मिळत असते तर आजवर बंगला झाला असता."

राहिलं दंतवैद्यकाचं कॉलेज. तिथे तिसऱ्या हिश्श्यात काम होतं, कारण शिकणारी मुलं करतात. मी खुर्चीत आडवा झालो. सर आले, माझ्या तोंडात डोकावले आणि वर्गाला विचारलं, "यातलं ज्यांनी अजून एकही केलेलं नाही, त्यांनी हात वर करा." दाजी, सगळे हात वर झाले. सगळ्यात उंच हात ज्या मुलाचा होता तो सगळ्यात जास्त थरथरत होता. मला एकदम त्याची दया आली. असल्या कोवळ्या जिवाच्या वाट्याला आपलं पाप नको म्हणून मी उठून आलो.

तर असं आहे. कुठूनच पैसा जमत नाही. देवाची इच्छा, दुसरं काय. माणसाने अंथरूण पाहून पाय पसरावेत, तसं जबडा पाहून तोंड उघडावं. तुमची दोघांची प्रकृती जपा. अक्काला म्हणावं, भाऊ बरा आहे, फक्त कमी हसतो.

तुमचा,
धाकटा मेहुणा

ता. क. ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते राहूनच गेलं. अक्काने हिला फोनवर सांगितलं, की तुम्ही सगळे पैसे द्यायला तयार आहात. दाजी, तुमच्या पाया पडतो, नाही म्हणा. अडचण आहे म्हणा, गुडघ्याचं कारण सांगा. पैशांचं दुखणं मी सोसतो आहे ते बरं आहे, चारचौघांत सांगता तरी येतं. पण ते भोक पाडायचं यंत्र मी पाहिलं आहे. शेजारच्या खोलीत ते चालू झालं आणि माझी दातखीळ बसली, तीही दोन दात कमी असताना. रोज सकाळी देवापुढे बसतो, मागायला जातो धैर्य, आणि तोंडातून निघतं, 'पैसे जमू देऊ नकोस.' तो बिचारा आजवर ऐकत आला. आता मध्येच तुम्ही उपटलात.

ता. क. दुसरा. वरचं लिहून झालं आणि तालीम सुरू झाली. मास्तरांनी माझ्या हातात झांजा दिल्या. नेहमीच्या गाण्यात जिथे सगळे थांबतात आणि माझं क्लॅरिनेट एकटं वर जातं, तिथे सगळे थांबले. सवयीने. कोणीच काही वाजवेना. मेव्हणा ट्रॉम्बोन छातीशी धरून माझ्याकडे बघत होता. ती जागा रिकामीच गेली आणि माझ्या हातून झांजही वाजली नाही. इतकी भीती मला त्या यंत्राचीसुद्धा वाटली नव्हती. तेव्हा वरचा ता. क. वाचला नाही असं समजा. पैसे पाठवू नका, घेऊन या. दवाखान्याच्या दाराशी खुर्ची टाकून बसा. मी पाणी प्यायला, लघवीला किंवा देवाला आठवायला म्हणून बाहेर आलो, तर मला आत ढकला. हिला यातलं काही कळू देऊ नका. तिला वाटतं, मी फक्त पैशांना अडलो आहे.

ता. क. तिसरा (हे मी लिहिते आहे). दाजींना व अक्कांना नमस्कार. तुमच्या घराचा नंबर यांना कधीच आठवत नाही, म्हणून पाकिटावर पत्ता घालायला माझ्याकडे दिलं. पाकीट उघडंच होतं, मी वाचलं. दाजी, मी सोमवारची वेळ घेतली आहे. तुम्ही याच, आणि पुढच्या दाराशी बसा. त्या दवाखान्याला मागूनही एक दार आहे. गेल्या खेपेला हे तिथूनच घरी आले होते. तिथे मी बसते.