जोडपट्टीचे तीन नमुने

प्रिय ताई,

काल फोनवर तू पुन्हा भाऊजींवर घसरलीस. पट्टा लावायला काय धाड भरली होती त्यांना, असं गेलं वर्षभर म्हणतेस आणि मी वर्षभर नुसतं हूं हूं करतो. आता ते करवत नाही. हे वाचून तू मला दारातही उभं करणार नाहीस कदाचित, तरी लिहितो.

गाडीत बाहेरून आणून बसवायचे सुटे भाग तपासणं हे माझं काम. सीटबेल्ट भाऊजींच्या पोटाला पुरेना, तेव्हा तो लांबवायची जोडपट्टी घेऊ का, असं त्यांनी मला विचारलं होतं. पट्टा वाढवण्यापेक्षा पोट कमी करा, म्हणून तू हसली होतीस. मी छातीठोकपणे सांगितलं, बिनधास्त घ्या, मी स्वतः मशीनवर ओढून पाहिलीय. खोटं नव्हतं ते. तीन नमुने ओढले, तिन्ही टिकले. पण ते कारखानदारानेच निवडून, कापसात गुंडाळून पाठवलेले. दुकानातला माल उचलून तपासा, असं आमच्या नियमात नाही. आपणच पेपर काढायचा आणि आपणच सोडवायचा, असला कारभार. चहा पिताना आम्ही त्यावर हसायचो आणि जागेवर येऊन शिक्का मारायचो.

अपघातात भाऊजी गेल्यावर गाडीतलं सामान आणायला तू मलाच पाठवलंस. पट्टा मोकळा लोंबत होता, म्हणून तो लावलाच नव्हता असं पंचनाम्यात आलं. चेपलेल्या सीटखाली मात्र जोडपट्टी होती. एक टोक गाडीच्या मूळ बकलात घट्ट बसलेलं, दुसऱ्या टोकाच्या बकलातली खिट्टी तुटलेली. जोराची ओढ बसल्याशिवाय ती तुटत नाही, हे मला कुणी सांगायला नको. मी ती काढून खिशात घातली.

तेव्हापासून मला टक् असा आवाज येतो, बकल लागल्यासारखा. जेवताना येतो, आंघोळ करताना येतो. घरात कुणालाच ऐकू येत नाही. मागे वळून बघायची भीती वाटते, ताई. गेल्या महिन्यात दुकानातून दहा जोडपट्ट्या आणून ओढल्या. सात अर्ध्या ओढीलाच सुटल्या.

उद्या तपासणीचा हा नियम बदलण्यासाठी सुनावणी आहे. ती तुटकी पट्टी मी सगळ्यांसमोर ठेवणार आणि शिक्का माझाच होता, ती लपवलीही मीच, हे सांगणार. नोकरी जाईल, जाऊ दे. पण परक्यांच्या तोंडून तुला कळायला नको. भाऊजींवर रागावू नकोस. त्यांनी पट्टा लावला होता, माझ्या शब्दावर विसंबून.

तुझाच,
धाकटा