सरळ निघालेला माल बाद

ती. आत्यास,

नमस्कार. (आधी 'आपणांस' लिहिलं होतं. पण तुला 'आपण' म्हटलं की नळाच्या जोडणीसाठी अर्ज करतेय असं वाटायला लागतं, म्हणून खोडलं.) तुझा गुडघा कसा आहे? काकांचा खोकला बसला का? इकडे सगळी खुशाल आहेत. थंडी मात्र यंदा दार न वाजवताच आत आली आहे.

मुद्द्याचं आधी सांगते, नाहीतर तू म्हणशील पोरीने पाल्हाळ लावलं. बाबा ज्या लोकरी टोप्यांच्या कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी आहेत, त्याच कारखान्याने मला नोकरी देऊ केली आहे आणि मी ती नाकारणार आहे. प्रश्न तत्त्वाचा आहे. घरात हे कुणाला समजावायला गेलं की आई दिवा लावायला उठते आणि बाबांना डुलकी लागते, म्हणून तुला लिहिते.

सुरुवात तू गादीत भरायला पाठवलेल्या लोकरीच्या पोत्यापासून झाली. (दोष देत नाही, क्रम सांगते.) शेवटच्या वर्षाला असताना कॉलेजात एक पाहुणे व्याख्याते आले होते. ते म्हणाले, ज्याला आपल्या अंगावरचा धागा कुणी काढला ते ठाऊक नाही, तो स्वतःच्याच अंगात भाड्याने राहतो. मी हे वाक्य मनात कोरून ठेवलं. (त्यांच्या लोकरी टोपीची नावाची पट्टी मानेवर बाहेर आली होती आणि ती बाबांच्याच कारखान्याची होती, हे मला फार नंतर आठवलं.) आपल्या घरात तर काय, जिकडे पाहावं तिकडे कारखाना. आई घरी बसून त्याच टोप्यांना गोंडे लावते. त्या गोंड्यांच्या ढिगाऱ्यात बसून मी अभ्यास केला, त्या गोंड्यांवरच घरातली पहिली पदवीधर झाले. ते मी विसरलेले नाही. पण कृतज्ञता वेगळी आणि विचारसरणी वेगळी, असं मी आईला नीट समजावलं. आई म्हणाली, "बरं. ती कात्री दे इकडे."

आणि बाबा. तू त्यांचं फाटक पाहिलेलं नाहीस. तिथे एक स्टूल आहे आणि वारा आहे, तिसरं काही नाही. मला कळायला लागल्यापासून बाबा हिवाळ्यात घरी आले की आधी कान चोळतात, मग बोलतात. म्हणून मी ठरवलं, यंदा घरच्यांना लागेल ते मी स्वतः विणीन, आणि त्याचा धागाही स्वतःच कातीन. पोतं समोर होतंच. (गादीचं नंतर बघू, असं मी आईला म्हटलं. आई अजून बघतेच आहे.)

लोकर आधी धुवावी लागते. ती मी धुतली, आणि मेंढी घरातच राहायला आली असावी असा वास सुटला. वरच्या मजल्यावरच्या बाई खाली येऊन विचारायला लागल्या, की तुम्ही काही पाळलंय का. आपल्या धाकटीने माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "हो, पण चावत नाही." मोडक्या खेळण्याचं चाक आणि एक काडी जोडून मी टकळी केली, त्यावरही तिचं मत आलंच, की ताईची एक टकळी दिवसभर चालूच असते, आता हातातही एक आली. विचारी माणसाला घरातूनच पहिला विरोध होतो, हे मी वाचलं होतं.

धाग्याला पीळ जितका जास्त तितका तो पक्का, असा माझा सिद्धांत होता. मी सिद्धांतात कधी कसर ठेवत नाही. पण एकेरी धाग्याला असा पीळ दिला की तो डूख धरतो, हे मला माहीत नव्हतं. सुईवर असतो तोवर गरीब गायीसारखा. अंगावर चढला आणि ऊब लागली की वळायला लागतो. (उपाय साधा आहे. दोन धागे एकत्र घेऊन उलट्या दिशेने पिळायचे. तो मला सगळं विणून झाल्यावर समजला.)

धाकटीचा मफलर गळ्यात घातल्याबरोबर स्वतःभोवती वळून दोर झाला. तो आता मोरीच्या मोडक्या दाराला बांधलेला आहे आणि दार पहिल्यांदाच नीट लागतं. आईचे मोजे चालता चालता फिरतात, टाच वर येते आणि बोटं कडेने बाहेर बघतात. मी घरात शिरले की आई ते घाईने चढवते आणि गेले की काढते. मी हे पाहिलं आहे, पण पाहिलं असं दाखवलेलं नाही. आई म्हणते, सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही. ती मोज्यांबद्दल बोलत असावी असं मी धरून चालते.

बाबांची माकडटोपी मात्र माझी सगळ्यात महत्त्वाकांक्षी कृती होती. सकाळी घातली की टोपीच्या खिडकीत तोंड नीट दिसतं. मग ती हळूहळू सरकायला लागते आणि दुपारपर्यंत एक डोळा आत गेलेला असतो, खिडकीत एक डोळा आणि एक कान. आम्ही सगळ्यांनी सांगितलं, बाबा, नका घालू. (मीही सांगितलं, पण फार जोर लावून नाही.) बाबा म्हणाले, उबदार आहे. बस्, विषय संपला.

एके दिवशी मालकांची गाडी आली ती बाबांच्या टोपीत गेलेल्या डोळ्याच्या बाजूने. बाबांनी उघड्या डोळ्याने जे दिसलं त्याला सलाम ठोकला. तो कचऱ्याचा ट्रक होता. मालक गाडीतून उतरले आणि विचारते झाले, "हे काय घातलंय डोक्यात?"

बाबा म्हणाले, "साहेब, मुलगी ग्रॅज्युएट आहे."

एवढंच. आत्या, मला यात खुलासा कुठला आणि तक्रार कुठली हे अजून उलगडलेलं नाही.

बाबा घरी आले आणि कान न चोळताच म्हणाले, तुला उद्या ऑफिसात बोलावलंय. मला वाटलं, हात दाखवून अवलक्षण करून घेतलं आपण, आता बाबांचं स्टूलही जाणार. पण घाबरून तत्त्व सोडायचं नाही असं ठरवून मी गेले. टेबलावर बाबांची टोपी ठेवलेली होती आणि मालक ती बोटाने फिरवून बघत होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. यंत्राच्या टोपीत डोकं मावतं, माणूस मावत नाही, असं म्हटलं. सरळपणा हा यंत्राचा दोष आहे, वाकडेपणा ही हाताची सही आहे, असंही म्हटलं. (हे तिथेच सुचलं.) बाबा बाहेर वाऱ्यात बसतात तेही म्हटलं. मालक मान हलवत होते आणि मॅनेजर भराभर लिहून घेत होते. मला वाटलं, आपल्या विरोधाची नोंद होते आहे. बरं वाटलं.

नंतरच्या आठवड्यात आईकडे गोंड्यांऐवजी शिवायला पट्ट्या आल्या. आईने चष्मा लावून एक वाचली: "वाकडेपणा ही हाताची सही आहे." ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "हे तर आपल्याकडे फुकट ऐकायला मिळतं."

झालं होतं असं, की मालक नुकतेच कुठल्याशा प्रदर्शनात हातविणीच्या वेड्यावाकड्या टोप्यांवर लोकांची झुंबड पाहून आले होते. आता कारखान्यातल्या यंत्रांनी वाकडं विणावं म्हणून कारागीर दिवसभर पाने-पक्कड घेऊन त्यांच्या मागे आहेत. बिचाऱ्यांची उमर माल सरळ निघावा म्हणून गेली. नाचता येईना अंगण वाकडं, हे मी ऐकून होते. अंगण खर्च करून वाकडं करून घेणारे इथे पाहिले. आणि मला दिलेली जागा आहे तपासनीसाची. प्रत्येक टोपी पुरेशी वाकडी आहे की नाही ते बघायचं. सरळ निघालेला माल बाद.

म्हणजे माझ्या विचारांचा हा गोंडा करून यंत्राच्या टोपीवर लावायचा, आणि तो घट्ट बसलाय का हे मीच ओढून बघायचं. मी मालकांना तोंडावर नाही म्हणायलाच निघाले होते. पण ते एवढे खुशीत होते, की जाता जाता म्हटलं, फाटकाशी पहारेकऱ्याला बसायला एक खोली हवी, दार लागणारी. मालक म्हणाले, "तुम्ही रुजू व्हा, खोलीचं काम लगेच काढू." मोह असा समोरून चालत येतो, आत्या. मी विचार करून सांगते म्हणाले. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "माझ्यासाठी काही करू नकोस. माझ्याकडे टोपी आहे." आणि एका डोळ्याने माझ्याकडे बघून हसले.

तेव्हा निर्णय झालेला आहे. मी नोकरी नाकारणार. काकांना नमस्कार.

तुझी लाडकी भाची

ता. क. निर्णय झालेला असला तरी मोठ्यांचा शब्द मोडणं मला कधी जमलेलं नाही, हे तू जाणतेस. तेव्हा तू जर मला लिहिलंस, की ही नोकरी घ्यायचीच, ही माझी आज्ञा आहे, तर माझा नाइलाज होईल. 'आज्ञा' हाच शब्द वापर. 'सल्ला' नको, सल्ला मी मानत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. थोडं रागावून लिहिलंस तर उत्तम.

ता. क. सोबत तुझ्यासाठी हातमोजे पाठवते आहे. दोन्ही डाव्या हाताचे झाले आहेत, पण घातल्यावर एक आपोआप वळून उजवा होतो. लोकर संपली. आई म्हणते, दुसरं पोतं पाठवलंस तर तिच्या नावाने पाठव आणि तोंड शिवून पाठव.

ता. क. आज्ञेवर तारीख मागच्या शनिवारची घाल. सोमवारपासून मी कामावर जाते आहे. मंगळवारी फाटकाशी विटा येऊन पडल्या. खोली व्हायला वेळ लागेल, पण बाबा आतापासूनच त्या विटांच्या आडोशाला स्टूल टाकून बसतात. तिथे वारा लागत नाही. टोपी मात्र काढायला तयार नाहीत.