सूर कोण धरणार

३ फेब्रुवारी, रविवार
मिस्सा संपल्यावर फादरनी बाबांना थांबवून घेतलं. बिशप विचारतायत — दीक्षा घेऊन डीकन व्हाल का, फादरांच्या मदतीला?
जेवताना बाबा एवढंच म्हणाले, "विचार करतो."
आत्याचा तारोच्या कंदाचा घास हातातच राहिला. "सेतेफानो, एकदा दीक्षा घेतलीस की विधुराला पुन्हा लग्न नाही. कळतंय ना?"
"कळतंय. मीठ दे."
आणि माझ्या मनात पहिलं काय आलं? बाबांनी नाही म्हणावं! शेजारच्या तिपेसाबाईंशी लग्न करावं. त्याही एकट्याच आहेत. मग त्या घर सांभाळतील, आणि मला आलापातीला लग्नाला हो म्हणता येईल.
हे पाप आहे का?

५ फेब्रुवारी, मंगळवार
असावं. फादरना सांगून आले.

९ फेब्रुवारी, शनिवार
पुन्हा पापनिवेदनाला गेले. फादर म्हणाले, "सेलिना, हे मंगळवारी सांगितलंस की. देव बहिरा नाही."
आलापातीचा फोन. नाताळातच विचारलं होतं त्याने. पलीकडच्या बेटावर, आपिआत, तो शिकवतो त्या शाळेजवळ घरही बघून ठेवलंय. "फेरीबोट रोज असते गं. तू काय चंद्रावर जाणारेस?"
त्याला कसं सांगू? संध्याकाळी शंख वाजला की सगळं गाव थांबतं, घरोघर प्रार्थना. आमच्याकडे गीताचा सूर आई धरायची. तिनेच मला अक्षरं शिकवली, आणि झोपण्याआधी दिवसभराच्या चुका आठवायलाही. ती गेल्यापासून खांबाजवळ तिच्या जागी मी बसते, मीच सूर धरते. बाबांना सूर नाही, आत्याला दम नाही. मी गेले तर या घरातली प्रार्थना मुकीच!

१२ फेब्रुवारी, मंगळवार
तिपेसाबाई कोको घातलेला गोड भात द्यायला आल्या — आणि शंख वाजला! आता प्रार्थना संपेपर्यंत रस्त्यावर पाऊल टाकायची सोय नाही. बसल्या आमच्यातच.
आत्या कुजबुजली, "वेळ बरी साधते हं ही!"
त्यांनी ऐकलं. "शंख काय मी फुंकला?"
बाबा हसले. किती दिवसांनी!
गाताना मी मुद्दाम आवाज बारीक केला, बाबांना तिपेसाबाईंचा ऐकू जावा म्हणून. छान गातात. पण प्रार्थनेत असले डाव! हेही सांगावं लागणार.

१६ फेब्रुवारी, शनिवार
बाबांबरोबर तारोच्या मळ्यात. धीर करून तिपेसाबाईंचं नाव काढलं.
"चांगली बाई आहे," बाबा म्हणाले. "काल जाऊन तिला सांगितलं, मी बिशपना हो म्हणतोय."
"त्या काय म्हणाल्या?"
"म्हणाली, भात तरी खाल ना?"
मी बांधावर बसले. वाईट वाटलं. त्यांच्यासाठी की माझ्यासाठी, ते बघायचं धाडस झालं नाही. मग म्हणाले, "बाबा, मी घरीच राहते. मला वाटतं माझं पाचारण हेच."
बाबा तण उपटत राहिले. वर न बघताच विचारलं, "देवाने सांगितलं, की तू ठरवलंस?"
मीही तण उपटायला लागले.
उद्या आलापातीला 'नाही' असं कळवायचं.

१७ फेब्रुवारी, रविवार
शंख वाजला. मी तोंड उघडणार, तोच बाबांनी हात वर केला. सरकून आईच्या जागी बसले आणि स्वतःच गीत सुरू केलं — भलत्याच पट्टीत. "अरे देवा!" आत्या म्हणाली. तरी आम्ही दोघी मागून गायलो.
शेवटी बाबांनी घाम पुसला. "ईस्टरपर्यंत जमेल मला. तू बोटीचं बघ."